लगाम धरणारा हात

देऊळ, पाणवठा, शाळा, ग्रंथ आणि पुतळा या ठिकाणी आपल्या चळवळीने झगडा दिला. भिंतीवर टांगलेल्या चित्राकडे मात्र तिने फारसे लक्ष दिलेले नाही. चित्र ही पोट भरलेल्यांची हौस आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असा समज अनेक कार्यकर्त्यांच्या मनात आहे. दुसऱ्या बाजूला प्रस्थापित कलासमीक्षकांनी सांगून ठेवले आहे की चित्राकडे केवळ चित्र म्हणून पाहावे. रेषा, रंग, तोल आणि अवकाश यांच्या पलीकडे जाऊन त्यात माणसांचे प्रश्न शोधू नयेत. या दोन भूमिका एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांचा परिणाम एकच होतो. चित्रात राबणाऱ्या माणसाकडे कोणीच पाहत नाही. या लेखात एका चित्राच्या निमित्ताने मी ही गोष्ट तपासणार आहे.

ते चित्र सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या भिंतीवर आहे. सोनेरी चौकट, तैलरंग, झाडांच्या रांगेखाली उधळलेले धिप्पाड घोडे आणि त्यांना आवरणारी माणसे. लग्नाला येणारे लोक त्याला ‘विलायती घोड्यांचा लिलाव’ म्हणतात. कार्यालयाचे मालक अभिमानाने सांगतात की हे छापील नाही, हाताने रंगवलेले आहे. कोणाच्या हाताने, हे त्यांना सांगता येत नाही, आणि तसे कोणी विचारतही नाही. ‘हाताने रंगवलेले’ या दोन शब्दांनी चित्राची किंमत वाढते, पण हाताचा मालक बेपत्ताच राहतो. माझ्या मते या चित्राचा खरा विषय इथूनच सुरू होतो.

मूळ चित्र रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीचे आहे. ‘घोड्यांचा बाजार’ हे त्याचे नाव. १८५३ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि १८५५ पर्यंत तिने त्यावर पुन्हा हात फिरवला. सुमारे आठ फूट उंच आणि साडेसोळा फूट रुंद असे हे अवाढव्य चित्र आहे. अर्नेस्ट गॅम्बार्ट या लंडनच्या चित्रव्यापाऱ्याने ते विकत घेऊन इंग्लंडला नेले. तिथे राणी व्हिक्टोरियाने ते राजवाड्यात मागवून पाहिले. थॉमस लँडसीअरने त्यावरून कोरीव ठसा केला आणि छापील प्रतींतून ते घराघरांत पोचले. चित्र फ्रान्सचे असले तरी त्याला जगभर नेले ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी बाजाराने. पुढे १८८७ साली न्यूयॉर्कमध्ये एका धनिकाच्या मालमत्तेचा लिलाव झाला, त्यात कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने ५३,००० डॉलरला ते घेतले आणि तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. बाजाराचे चित्र अखेर स्वतःच लिलावात उभे राहिले.

काटेकोरपणे बोलायचे तर चित्रात लिलाव नाही. बोली पुकारणारा नाही, हातोडा नाही. इंग्लंडमध्ये घोड्यांचा लिलाव म्हटले की टॅटरसॉल या पेढीचे नाव येई. १७६६ साली लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला ती सुरू झाली आणि १८६५ मध्ये नाइट्सब्रिजला गेली. उमराव, सैन्यातले अधिकारी, शर्यतीचे शौकीन आणि दलाल तिथे जमत. बोनरचा बाजार पॅरिसच्या एका रुंद रस्त्यावरचा आहे. तिथे घोडे गोल फिरवून दाखवले जात आहेत. उजवीकडे चढावर झाडांखाली बघे आणि गिऱ्हाइके उभी आहेत. आपल्याकडचा ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला आहे. मोठ्याने किंमत पुकारण्याची ही रीत दर्यापलीकडून आली, पण किंमत ठरवण्याची रीत आपल्याकडेही होतीच. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार बैलांचा सौदा होतो तेव्हा दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबतात आणि आकडा दोघांपुरताच राहतो. तिकडे बोली चव्हाट्यावर, इकडे कापडाखाली. जनावराचे दात मात्र दोन्हीकडे सगळ्यांदेखत उघडून बघितले जातात.

आता चित्राकडे नीट पाहू. पाहणाऱ्याची नजर आधी मधल्या पांढऱ्या घोड्यावर जाते, मग त्याच्या शेजारी मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या काळ्या घोड्यावर. पेर्शेरॉन जातीचे हे ओझ्याचे घोडे आहेत. शर्यतीचे नव्हेत, गाडी ओढणारे. त्यांच्या पुठ्ठ्यांची चकाकी, मानेचे वळण, उडणारी धूळ यांवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. पण नजर थोडी खाली आणली की दिसतात हात. बाह्या सरसावलेले, लगाम गच्च आवळलेले, घोड्याच्या जोराने खांद्यातून ताणलेले हात. चित्रातला सगळा जोर या दोन शक्तींच्या ओढाताणीत आहे. घोडा उसळतो, आणि त्याला आवरण्यात मोतद्दाराचे आयुष्य चालले आहे. हात काढून टाकले तर उरेल फक्त मोकाट जनावरांचा कळप. हे चित्र घोड्यांइतकेच श्रमाचे आहे.

बोनरला हे दिसले याचे कारण तिच्या स्वतःच्या जागेत आहे. १८५१ पासून सुमारे दीड वर्ष ती आठवड्यातून दोनदा त्या बाजारात जाऊन रेखाटने करीत होती. बाईने बाजारात उभे राहून चित्रे काढायची तर लोक छळणार, म्हणून ती पुरुषी कपडे घाली, आणि त्या काळच्या पॅरिसमध्ये बाईला विजार घालण्यासाठी पोलिसांचा परवाना लागे. कोणी कुठे उभे राहायचे, काय अंगावर घालायचे, याचे परवाने ज्यांना घ्यावे लागतात त्यांची नजर वेगळी होते. आपल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. चढावरच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहून तिने चित्र काढले नाही. ती धुळीत, मोतद्दारांच्या पातळीवर उतरली. चित्राच्या मध्यावर बाहेर पाहणारा एक घोडेस्वार आहे, तो तिचाच चेहरा असावा असे काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर तिने स्वतःला राबणाऱ्यांच्या गर्दीत बसवले आहे, खरेदी करणाऱ्यांत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. या चित्रात एकाही मोतद्दाराला नाव नाही. चित्रकर्तीचे नाव आहे, विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, ठसा कोरणाऱ्याचे आहे, घोड्यांची जातसुद्धा नोंदलेली आहे. ज्या बाजारात हे चित्र फिरले त्याची हीच रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये वेदरबी यांनी शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापायला सुरुवात केली. कोणता घोडा कोणत्या घोडीच्या पोटी, कोणत्या नराचा, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. त्याला खरारा करणारा, तोबरा बांधणारा, रात्री त्याच्या पायाशी झोपणारा माणूस मात्र कोणत्याही वहीत नाही. घोड्याला वंश आणि माणसाला फक्त पगार, तोही जमला तर.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण वंशावळ या कल्पनेशी आपले जुने वैर आहे. इंग्रजांच्या त्या ‘शुद्ध’ घोड्यांची नरपरंपरा तीन घोड्यांपर्यंत जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही पूर्वेकडून आणलेले. म्हणजे ज्या रक्ताच्या शुद्धतेवर लिलावाची बोली चढते ते रक्त परक्या नरांच्या आणि देशी घोड्यांच्या संकरातून तयार झाले आहे. शुद्धता ही आधी नसते. संकर झाल्यावर कोणीतरी वही उघडते, दार लावून घेते आणि आता यापुढे बाहेरचा कोणी नाही असे जाहीर करते. चातुर्वर्ण्याच्या समर्थकांनी जातिव्यवस्थेला सुप्रजननाचे शास्त्र म्हणून मिरवले तेव्हा बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या निबंधात त्या दाव्याचा पाया काढून घेतला. जात ही वंशाची विभागणी नाही, हे त्यांनी दाखवून दिले. घोड्यांच्या वहीचा इतिहास वाचला की तोच मुद्दा दुसऱ्या वाटेने पटतो. आणि घोड्याची वही निदान घोड्याला कमीपणा आणत नाही. आपल्याकडची वही माणसाला जन्मतःच पाणवठ्यावरून हाकलते.

१८५३ हे साल आणखी एका चित्राशी जोडलेले आहे. त्या वर्षी आयर क्रो हा इंग्रज चित्रकार अमेरिकेत रिचमंड शहरी गुलामांचा लिलाव पाहायला गेला आणि विक्रीसाठी बसवलेल्या बायामाणसांची रेखाटने करू लागला. तिथल्या व्यापाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि त्याला बाहेर पडावे लागले. त्या रेखाटनांवरून त्याने पुढे १८६१ साली विक्रीची वाट पाहणाऱ्या गुलामांचे चित्र पुरे केले. घोड्यांचा बाजार रंगवणारीचा गौरव होतो आणि माणसांचा बाजार रेखाटणाऱ्याला हुसकावले जाते, हे एकाच वर्षी घडले. घोडा विकताना लाज वाटायचे कारण नसते. माणूस विकताना व्यापाऱ्यालाही ठाऊक असते की हे कोणी कागदावर उतरवू नये. सातारा जिल्ह्यातल्या कटगुण गावाचे मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांना हे नेमके कळले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. दूरच्या देशातल्या लिलावाचा आपल्या गावगाड्याशी संबंध आहे, हे ओळखणारा तो पहिला मराठी वाचक होता असे मी म्हणेन.

मग आपल्या मुलखात लगाम कोणाच्या हाती होता? मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोड्याची मालकी हेच माणसाचे मोजमाप. या दोघांच्या खाली मोतद्दार, आणि गावकुसाबाहेर त्याहून खाली असलेला माणूस. इंग्रजी अंमलात मामलेदार किंवा साहेब गावात आला की त्याच्या घोड्याला गवत आणायचे, घोडा धरून उभे राहायचे, ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, हे वतनदार महाराचे काम. मोबदला काय, तर तुटपुंजी जमीन आणि दारोदार फिरून मागितलेले बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीतून माणसाला सोडवण्यासाठी. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आटपाडीच्या शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्राच्या नावातच हा प्रवास आहे. तराळाच्या घरात जन्मलेला मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचा अध्यक्षही.

लगामाचा प्रश्न केवळ श्रमाचा नाही, तो विटाळाचा आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत, ते एकत्र वाचले पाहिजेत. पहिला १९०१ चा, सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावरचा. साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली मुले स्टेशनावर उतरली. ती महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली: गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने शेजारून चालायचे. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे चाळीसगावच्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पुन्हा तोड निघाली: टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा महारवाड्यातला. ज्याने कधी लगाम धरला नव्हता त्याने तो धरला. नदीच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला आणि घोडा टांग्यासह नदीत कोसळला.

या दोन प्रसंगांत अट्ठावीस वर्षांचे अंतर आहे आणि प्रसंग एकच आहे. पैसे घेणे चालते, बैल देणे चालते, घोडा देणे चालते. फक्त त्या माणसासाठी आपण कासरा धरला असे दिसता कामा नये. बोनरच्या चित्रात मोतद्दार गरीब आहे, त्याचा मालक श्रीमंत आहे, पण मालकासाठी लगाम धरण्यात किंवा न धरण्यात विटाळाचा संबंध नाही. आपल्याकडे टांगेवाला स्वतः कष्टकरी असूनही बॅरिस्टरसाठी लगाम धरायला नकार देतो, आणि त्या नकारात त्याला स्वतःची प्रतिष्ठा सापडते. युरोपीय वर्गचित्राची मोजपट्टी जशीच्या तशी आणून आपला समाज मोजता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. श्रमिकांची एकजूट सांगणाऱ्या आपल्या मित्रांनी चाळीसगावच्या त्या पुलाचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हा इतिहास संपला असे कोणी म्हणू नये. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावात मार्च २०१८ मध्ये घोडा पाळणाऱ्या एकवीस वर्षांच्या दलित तरुणाची हत्या झाली. घोड्यावर बसतो म्हणून त्याला धमक्या येत होत्या, अशी वडिलांची तक्रार होती. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला गावातून वरात काढण्यासाठी महिनोन्‌महिने प्रशासनाशी झगडावे लागले आणि वरात निघाली ती पोलीस बंदोबस्तात. घोडा धरायला आपण चालतो, घोड्यावर बसायला चालत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत मांगाच्या वीराला घोड्यावर बसवले तेव्हा त्यांनी काय उलथून टाकले हे या पार्श्वभूमीवर कळते. ज्यांना त्या कादंबरीत केवळ साहसकथा दिसली त्यांनी खोगिरावर कोण बसला आहे हे पाहिले नव्हते.

आता नकलेकडे वळतो, कारण भिंतीवरचे चित्र नक्कल आहे आणि ‘नक्कल’ ही आपल्या साहित्याला दिलेली जुनी शिवी आहे.

बोनरच्या चित्राची पहिली हाती नक्कल तिच्या डोळ्यांदेखत झाली. ठसा कोरण्यासाठी लहान आकाराचे चित्र हवे होते. तिची जन्मभराची सोबतीण नॅथली मिका हिने ते रंगवायला घेतले आणि बोनरने पुरे केले. जेकब बेल या इंग्रजाने ते १८५९ साली देशाला दिले. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आज त्या चित्राखाली दोन नावे आहेत: रोझा बोनर आणि नॅथली मिका. नक्कल करणाऱ्या हाताला नाव देता येते. द्यायचे ठरवले तर.

आपल्याकडे काय झाले? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून काढली. अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे बसून केलेले हे काम लंडनला पाठवले गेले आणि त्यातला मोठा भाग १८८५ च्या आगीत जळाला. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या नकलाही १८६६ साली तिकडेच आगीत गेल्या होत्या. ग्रंथावर नाव आले ते ग्रिफिथ्सचे. लेणी कोरणारे आणि रंगवणारे अनाम, त्यांची नक्कल करणारे बहुतेक अनाम, आणि दोन्हींच्या मधल्या शतकांत बुद्धाचे नावही या देशातून पुसलेले. अनामतेचे थरच्या थर इथे एकावर एक बसले आहेत.

सातारा जिल्ह्यातच खटाव तालुक्यात औंधचे भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. राजा रविवर्म्याची चित्रे, पहाडी लघुचित्रे, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक, आणि युरोपातल्या नामवंत कलाकृतींच्या नकला, असा तो संग्रह आहे. बाळासाहेब इतर संस्थानिकांसारखे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी प्रजेला राज्यघटना दिली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत त्यांच्याच काळात उभी राहिली. पण आटपाडी हे याच संस्थानातले गाव, आणि शंकररावांचे बालपण तिथल्या महारवाड्यातले. एकाच राज्यात डोंगरावर जगभरच्या कलेचे दालन आणि माणदेशात तराळाची धावपळ, हे दोन्ही खरे होते. त्यातले एक सांगायचे आणि दुसरे विसरायचे, याला संस्कृतीचा इतिहास म्हणता येणार नाही.

आज ‘हाताने रंगवलेली नक्कल’ हा मोठा धंदा आहे. चीनमधल्या शेनझेन शहराजवळच्या दाफेन वस्तीत हजारो हात युरोपच्या नामवंत चित्रांच्या नकला करतात आणि त्या जगभरच्या हॉटेलांत, कचेऱ्यांत, दिवाणखान्यांत जातात. गिऱ्हाइकाला हवा असतो हाताचा स्पर्श. हात नको असतो. पॅरिसच्या धुळीत लगाम धरणारा मोतद्दार, आणि दीड शतकानंतर तो लगाम पुन्हा रंगवणारा कारागीर, हे दोघे एकाच चौकटीत आहेत. एक चित्रात आहे, एक चित्राच्या मागे. दोघांनाही नाव नाही. सांगलीच्या त्या चित्राकडे पाहताना मला जाणवलेले नाते हेच.

आपल्यावर नकलेचा आरोप झाला तो इथे आठवतो. १९७२ साली दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, कविता निग्रो कवितेची नक्कल आहे, वेदना उसनी आहे, असे म्हटले गेले. हे म्हणणाऱ्यांची कादंबरी, लघुकथा, सुनीत, सगळे साहित्यप्रकार इंग्रजीतून आलेले होते. त्यांची नक्कल परंपरा ठरली आणि आपली मात्र चोरी. पण उत्तर केवळ उलट आरोपाने पुरे होत नाही. नकलेचे दोन प्रकार असतात. एक नक्कल चौकट उचलते: घोडे उचलते, सोनेरी कड उचलते आणि हात पुसट करते. मंगल कार्यालयातल्या चित्रात हे दिसते. घोड्यांची चकाकी जपून उतरवली आहे, मोतद्दारांचे चेहरे मात्र घाईत उरकले आहेत. कारण गिऱ्हाईक घोडे बघणार हे रंगवणाऱ्याला माहीत आहे. दुसरी नक्कल नजर उचलते. फुल्यांनी अमेरिकेकडून उचलली ती नजर. पँथरने उचलली तीही नजरच. कोणाचा हात कुठे ताणला गेला आहे हे दुसऱ्याच्या चित्रात पाहून स्वतःच्या गावात पाहायला शिकणे, याला नक्कल म्हणायचे असेल तर ती नक्कल करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

मग मोतद्दाराला नाव देणारी परंपरा कुठे आहे? ती आपल्याच धम्मात आहे. सिद्धार्थाने घर सोडले तेव्हा कंथक घोडा आणि सारथी छन्न त्याच्याबरोबर होते. अडीच हजार वर्षांपासून घोड्याच्या नावाबरोबर छन्नाचेही नाव घेतले जाते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गृहत्यागाची जुनी कथा बदलली, रात्री चोरून निघणे नाकारले. पण छन्न आणि कंथक यांना त्यांनी ठेवले. छन्न पुढे संघात आला, भिक्खू झाला. घोडा धरणाऱ्याला नुसते नाव देऊन ती परंपरा थांबली नाही. तिने त्याला बरोबरीची जागा दिली, आणि चुकला तेव्हा बरोबरीच्या माणसासारखी शिस्तही लावली.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर हा गृहत्याग कोरलेला आहे. त्या काळच्या शिल्पात बुद्धाची मूर्ती कोरीत नसत. म्हणून घोडा पुन्हा पुन्हा दिसतो, त्याच्यावर छत्र आहे, आणि पाठ रिकामी. स्वार नाही, छन्न आहे. शेवटी पावलांच्या खुणांवर छत्र राहते, छन्न तिथे नमस्कार करतो आणि छत्राविना घोडा घेऊन परततो. जगातल्या अश्वचित्रांत आणि अश्वशिल्पांत, चौकाचौकांतल्या पुतळ्यांत स्वार ठळक असतो आणि मोतद्दार गळालेला असतो. सांचीत उलट आहे. ज्या कारागिरांनी ते कोरले त्यांनी रिकामे खोगीर आणि भरलेले हात दाखवले. सौंदर्यशास्त्राचा धडा द्यायचा तर मी तो इथून सुरू करीन.

शिक्षक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना म्हणून माझे सांगणे साधे आहे. औंधला सहल न्या, सांगली-साताऱ्यातल्या वाड्यांतली, कचेऱ्यांतली, कार्यालयांतली चित्रे पाहा. ती आपली नाहीत असे म्हणून पाठ फिरवू नका. प्रत्येक चित्रापुढे मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. यात काम कोण करतो आहे? पाटीवर कोणाकोणाची नावे आहेत? आणि हे रंगवणारा, उतरवणारा हात कोणाचा? उत्तर सापडले तर वहीत नाव लिहा. सापडले नाही तर ‘नाव नोंदलेले नाही’ असे लिहा, कारण नोंद नसणे हीसुद्धा कोणीतरी केलेली गोष्ट आहे. अशा वह्या गावोगाव भरल्या तर घोड्यांच्या वंशावळीइतकी जाड नोंदवही आपल्याजवळही तयार होईल, आणि ती लगाम धरणाऱ्यांची असेल.